हिरव्या पाण्याचा हिशेब

इंदूरच्या बडा गणपतीच्या मूर्तीत काय काय घातलं आहे, याची यादी भाविक मोठ्या प्रेमाने सांगतात: विटा, चुना, वाळू, गूळ, मेथीदाणे, सात मोक्षपुऱ्यांची माती, हत्ती-घोडे बांधायच्या जागेची माती, तीर्थातीर्थांहून आणलेलं पाणी. सुमारे २५ फूट उंचीची ती मूर्ती आपल्या जागी बसून आहे. तिला विसर्जन नाही. तिथून राजमोहल्ला आणि गंगवाल बस स्टँड मागे टाकून धार रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर सिरपूरचा तलाव येतो. त्यातही थोड्याफार फरकाने असंच सगळं येऊन मिळतं: माती, शेण, गोठ्याची धुणावळ, स्वयंपाकघरातलं खरकटं, वर साबणाचा फेस. मूर्तीत हा ऐवज चुन्याने बांधला गेला आणि कोरडा राहिला. तलावात तो विरघळतो आणि कामाला लागतो. माणसाच्या वावराने साठलेल्या पाण्याचं काय होतं हे समजून घ्यायचं असेल, तर हे काम कसं चालतं ते बघायला हवं. काठावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या मोजून ते कळत नाही. पिशव्या दिसतात म्हणून त्यांची चर्चा होते. पाणी बिघडवणारा मुख्य ऐवज मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि तो काठावरून पडत नाही, दुरून वाहत येतो.

सिरपूर हे नैसर्गिक सरोवर नाही. होळकरांच्या राजवटीत इंदूरला पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या तळ्यांपैकी हे एक. शंभरेक वर्षांत ते इतकं मुरलं की आता त्याचं वागणं निसर्गातल्या पाणथळीसारखं झालं आहे. २०२२ साली सिरपूर आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर या दोन्ही तलावांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. सिरपूरचं क्षेत्र १६१ हेक्टर, आणि भर पावसाळ्यातही खोली जेमतेम दोन मीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. परात मोठी, पण उथळ. ऊन तळापर्यंत पोचतं, वारा सुटला की तळाची माती वर येते, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी आटत जातं तसा उरलेल्या पाण्यातला विरघळलेला भाग दाट होत जातो. आमटी आटवली की खारट होते, तसंच.

किनाऱ्यावरच्या खाजण सरोवरांची प्रकृतीही अशीच असते: उथळ, पसरट, अर्धवट कोंडलेली. ओडिशातलं चिलिका हे त्यातलं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण. नद्यांनी आणलेल्या गाळाने समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, पाण्याचा खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातल्या वनस्पतींनी सरोवर व्यापलं, मासळी घटली. १९९३ साली चिलिकाची नोंद धोक्यात आलेल्या रामसर स्थळांत झाली. मग सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं तोंड खोदण्यात आलं. भरती-ओहोटीचं येणं-जाणं पुन्हा सुरू झालं, मासळी परतली, आणि २००२ मध्ये ते नाव धोक्याच्या यादीतून निघालं. चिलिकाच्या मदतीला समुद्र होता. सिरपूरला समुद्र नाही. आलेलं वाहून नेणारी नदीही त्यातून जात नाही. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून जे जाईल तेवढंच बाहेर. बाकी जे आलं ते राहिलं. इंदूरच्या कान्ह आणि सरस्वती या नद्यांनी शहराची घाण निदान पुढे तरी ढकलली. ती क्षिप्रेत जाते, आणि २०१६च्या सिंहस्थासाठी उज्जैनच्या घाटांवर ती येऊ नये म्हणून कान्हेचं पाणी जलवाहिनीतून वळवावं लागलं. नदी आपलं दुखणं खालच्या गावाला देते, तलाव ते स्वतःकडे ठेवतो.

आता त्या न दिसणाऱ्या ऐवजाकडे येऊ. त्यातला निर्णायक घटक फॉस्फरस. कार्बन हवेतून मिळतो, नत्रही काही सूक्ष्मजीव हवेतून ओढून घेतात, पण फॉस्फरसला हवेचा रस्ता नाही. तो जमिनीवरूनच यावा लागतो. म्हणून गोड्या पाण्यात शेवाळाच्या वाढीची दोरी बहुधा त्याच्या हाती असते. ही गोष्ट कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली इतक्या सरळपणे दाखवली की वाद घालायला फारशी जागा उरली नाही. एका तळ्याच्या चिंचोळ्या भागात त्यांनी पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्यात तेच अधिक फॉस्फरस. पहिला भाग जवळपास होता तसाच राहिला, दुसरा हिरवागार झाला. विमानातून काढलेल्या त्या छायाचित्रात पडद्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी दिसते. साबण आणि डिटर्जंट कंपन्यांचा त्या काळी दावा होता की दोष फॉस्फेटचा नाही. त्या छायाचित्रानंतर तो दावा टिकणं अवघड झालं.

सिरपूरसाठी ढोबळ आकडेमोड करून पाहू. १६१ हेक्टरवर सरासरी एक मीटर पाणी धरलं तर साठा साधारण १६० कोटी लिटर. पाणी सुपोषित, म्हणजे शेवाळाने हिरवं होण्याच्या बेतात, समजलं जातं ते लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असला की. म्हणजे संपूर्ण तलावाला त्या पातळीवर न्यायला लागणारा फॉस्फरस भरतो केवळ ४८ किलो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर डीएपीच्या पाच गोण्यांत एवढा फॉस्फरस असतो. आणि माणसाच्या मलमूत्रातून रोज सुमारे दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. भागाकार केला तर एक हजार माणसांचं महिन्याभराचं सांडपाणी या कामाला पुरतं. कपडे धुण्याच्या पावडरीचा हिशेब यात धरलेलाच नाही. यातला काही भाग वाटेत मातीला चिकटेल, काही तळाशी बसेल, हे खरं. पण इंदूरच्या पश्चिमेला तलावाभोवती वसलेल्या वस्तीत राहणारे लोक हजारांनी मोजायचे नाहीत, आणि महिनेही वर्षाचे बारा असतात. एका संपूर्ण तलावाचा स्वभाव बदलायला किती थोडं पुरतं, हे या आकड्यावरून ध्यानात यावं.

पाणी हिरवं झालं तर बिघडलं काय, असं कोणी विचारेल. शेवाळ म्हणजे वनस्पतीच. ती ऑक्सिजनच सोडणार. बरोबर, आणि नेमकी इथेच गफलत होते. अशा तलावातला एक दिवस बारकाईने पाहावा. सकाळी नऊनंतर ऊन चढतं तसं शेवाळ कामाला लागतं, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, आणि दुपारी वरच्या थरात ऑक्सिजन इतका होतो की पाण्यात मावत नाही, बुडबुडे होऊन हवेत जातो. त्याच वेळी पाण्याचा अल्कलीपणा वाढतो. पीएच नऊच्या घरात गेला की सांडपाण्यातून आलेलं अमोनियम अमोनिया वायूच्या रूपात पाण्यात राहतं, आणि ते माशांच्या कल्ल्यांना विषच. संध्याकाळी उत्पन्न थांबतं, पण खर्च चालूच: शेवाळ श्वास घेतं, जिवाणू घेतात, तळाचा चिखल घेतो, मासे घेतात. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शिल्लक शून्याजवळ येते आणि मासे पृष्ठभागावर तोंड वर काढून हवा गिळू लागतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं, ऊन पडलंच नाही, आणि वरून रस्त्यावरची घाण वाहून आली, तर एका रात्रीत मेलेल्या माशांचा थर काठाला लागतो. मग पाण्यात कोणी विष कालवलं का, याची चौकशी होते. विष बहुतेक वेळा कोणी कालवलेलं नसतं. रात्रीचा ऑक्सिजन पुरला नाही, एवढंच झालेलं असतं. एका ग्रॅम फॉस्फरसवर साधारण शंभर ग्रॅमहून अधिक कोरडं शेवाळ पोसलं जाऊ शकतं, आणि ते सगळं कुजायला सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरभर कोमट पाण्यात ऑक्सिजन मावतो आठ मिलिग्रॅमच्या आतबाहेर. एका माणसाच्या एका दिवसाच्या फॉस्फरसने पोसलेलं शेवाळ कुजताना पंचवीस हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं, हा त्याचा अर्थ.

मग हे सांडपाणी तलावाकडे आलं कसं? लोकसंख्या वाढली हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. इंदूरच्या बाबतीत दुसरंही एक कारण आहे आणि ते शहराच्या अभिमानाचं आहे. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पाचेकशे मीटर चढ चढवून माळव्याच्या पठारावर आणलेलं ते पाणी म्हणजे शहराच्या वाढीचा पायाच. त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. पण नळाने आलेलं पाणी नाहीसं होत नसतं. पाणीपुरवठ्याचे अभियंते साधारण ऐंशी टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येणार असंच धरून चालतात. म्हणजे नर्मदेचं पाणी चढवून आणण्याच्या योजनेतच ते उताराला लागण्याची व्यवस्था करणं हे काम दडलेलं होतं, आणि भारतातल्या बहुतेक शहरांप्रमाणे इथेही पहिलं काम आधी झालं, दुसरं मागे रेंगाळलं. शिवाय आणखी एक गोष्ट घडली, ती कुठल्या आराखड्यात नोंदली जात नाही. जोवर शहर तळ्याचं पाणी पीत होतं, तोवर त्याच्या पाणलोटात कोण काय करतं याकडे कोणाचं तरी लक्ष असणं भाग होतं. पिण्याचं पाणी दुरून आलं आणि तळं बघायचं झालं. बघायच्या पाण्याला लोक फार माफ करतात.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर सतत पहिलं आलं. २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ ठरलेलं ते देशातलं पहिलं शहर. घराघरांतून नाल्यांत सुटणारे हजारो नळ बंद करून ते गटारवाहिन्यांना जोडल्याचं तेव्हा जाहीर झालं. जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळींचं शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. मग तक्रार कशाची? यातलं काहीही खोटं किंवा फुकाचं नाही. नाल्यात पडणारी घरगुती तोंडं शोधून एकेक बंद करणं हे कंटाळवाणं, श्रेय न देणारं काम आहे आणि भारतात ते फार थोड्या शहरांनी केलं आहे. पण मानांकन जे मोजतं त्याचंच उत्तर देतं. रस्ता स्वच्छ आहे का, कचरा वेगळा होतो का, मैला उघड्यावर जातो का, हे प्रश्न वेगळे. तलावातला फॉस्फरस दर वर्षी वाढतो आहे की घटतो आहे, हा प्रश्न वेगळा. आजूबाजूच्या वसाहतींचं सांडपाणी सिरपूरमध्ये शिरतं ही तक्रार जुनी आहे आणि मानांकनांच्या काळातही ती पुरती मिटलेली नाही. खरं तर स्वच्छ रस्ता आणि हिरवं तळं यांत विसंगती काहीच नाही. पाण्याने धुतलेला रस्ता आपली घाण उताराकडेच पाठवतो.

दुसरा आक्षेप पक्षीनिरीक्षकांकडून येऊ शकतो आणि तो अधिक कसदार आहे. सिरपूरची रामसर नोंदच सांगते की हा तलाव उथळ, अल्कलीधर्मी आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध आहे. १३० जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत, त्यांत नदी सुरय आणि पांढरं गिधाडही आहे. समृद्धी आहे म्हणून पक्षी आहेत. स्फटिकासारख्या निर्मळ, उपाशी पाण्यात बदकांनी खायचं काय? हे मान्यच करावं लागतं. माणसाचा हात लागला की पाणी बिघडलंच, अशी सोवळ्याची भूमिका इथे चालणार नाही, कारण मुळात हा तलावच माणसाने केलेला आहे. आणि तो आज उभा आहे तोही माणसांमुळेच: चित्रकार भालू मोंढे आणि ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ ही त्यांची संस्था वर्षानुवर्षं सिरपूरच्या पाठीशी राहिली नसती, तर त्या जागेवर आज काय असतं याचा अंदाज इंदूरकरांना करता येईल. मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण समृद्धीचा युक्तिवाद एका मर्यादेपर्यंतच जातो. उथळ तळ्यांची एक खोड अभ्यासकांना चांगली माहीत आहे: ती हळूहळू बिघडत नाहीत. तळाशी मुळं धरलेल्या पाणवनस्पती असतात तोवर त्या गाळ धरून ठेवतात, पोषकद्रव्यं पितात, पाणी नितळ ठेवतात आणि वाढता बोजा वर्षानुवर्षं निमूट सोसतात. मग शेवाळाची सावली एवढी दाट होते की तळापर्यंत ऊन पोचत नाही. त्या वनस्पती मरतात, गाळ मोकळा होतो, आणि एक-दोन हंगामांत सगळं तळं गढूळ-हिरवं होऊन बसतं. परतीची वाट याहून लांब असते. ज्या बोजाखाली तळं कोसळलं, त्याच्या पुष्कळ खाली आल्याशिवाय ते सावरत नाही. तेव्हा यंदा पक्षी भरपूर आले, एवढ्यावरून तलाव सुखरूप आहे असं म्हणता येत नाही.

विसर्जनाबद्दल एवढंच: प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रासायनिक रंग पाण्यात जाऊ नयेत, यात वाद नाही. पण दहा दिवसांच्या विसर्जनाची जेवढी चर्चा होते, तेवढी तीनशे पासष्ट दिवसांच्या सांडपाण्याची होत नाही, आणि त्यामागचं कारण रसायनशास्त्रात नाही.

सर्वांत व्यवहारी उत्तर असं दिलं जातं की सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारलं की प्रश्न सुटला. अर्धा सुटतो. नेहमीच्या पद्धतीचं केंद्र कुजणारे सेंद्रिय पदार्थ काढण्यासाठी बांधलेलं असतं. बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं, वास येत नाही, पण फॉस्फरससाठी मुद्दाम सोय केली नसेल तर त्यातला मोठा भाग त्या नितळ पाण्यातून तसाच पुढे जातो. नदीत सोडायला जे पाणी चालून जाईल, ते कोंडलेल्या तलावात सोडणं म्हणजे हळूहळू खत घालणंच. अमेरिकेतल्या सिएटल शहराने वॉशिंग्टन सरोवराच्या बाबतीत हे ओळखलं. तिथे प्रक्रिया केलेलंही सांडपाणी १९६८ पर्यंत सरोवरातून पूर्णपणे वळवून समुद्राच्या खाडीत नेण्यात आलं आणि काही वर्षांत सरोवर नितळलं. ते उदाहरण सगळे देतात, पण त्या सरोवराची खोली साठ मीटरहून अधिक आहे हे सांगायचं राहून जातं. खोल सरोवरात तळाशी गेलेला फॉस्फरस बराचसा तिथेच गाडला जातो. दोन मीटरच्या तळ्यात तो मुदत ठेवीसारखा असतो: चिखलात लोहाला बांधलेला, पण तळाचा ऑक्सिजन संपला की बंध सुटतो आणि तो पुन्हा पाण्यात. बाहेरून येणारं सांडपाणी उद्या संपूर्ण बंद केलं तरी जुना गाळ पुढची काही वर्षं व्याज देत राहतो.

म्हणून नळ बंद करण्याइतकाच गाळाचा आणि पाण्यावर पसरणाऱ्या जलकुंभीचा प्रश्न महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर शोधायला इंदूरला बाहेर जायची गरज नाही. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला दिलेल्या नगररचनेच्या अहवालात सगळं गटारात ढकलण्याच्या खर्चिक योजनेला विरोध केला होता. शहराचा मैला बागांच्या मातीकडे वळवावा असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर सहा वर्षांनी, १९२४ मध्ये, याच शहरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, वेळोवेळी उलथून, साधारण तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तलावाच्या दृष्टीने त्या ढिगाचं महत्त्व असं की पाण्यात जे द्रव्य विषासारखं वागतं, तेच तिथे मातीत बांधलं जातं. जलकुंभी हे वाढताना पाण्यातली पोषकद्रव्यं ओढून घेणारं फुकटचं यंत्र आहे. ती उपसणं म्हणजे फॉस्फरस बाहेर काढणंच. फक्त ती उपसून काठावरच टाकली, तर आठवड्याभरात सडते आणि पहिल्या पावसात तिच्यातलं सगळं उतारावरून परत पाण्यात उतरतं. गाळाचंही तेच. एप्रिल-मे महिन्यांत तलाव आटला की निघालेला काळा गाळ ट्रॉलीने पाणलोटाबाहेरच्या शेतात गेला तर ते खत. बांधाच्या आतल्या अंगाला त्याचे ढीग लावून कडा सुशोभित केल्या, तर जुलैपर्यंत तो जिथून काढला तिथेच परत गेलेला असतो.